अंगाला मानवणे आणि अंगवळणी पडणे : जुन्या व्हिडिओ गेम कंट्रोलरच्या रचनेची तुलनात्मक समीक्षा (१९७७ ते १९९७)

प्रस्तावना

साहित्यकृती, चित्र, शिल्प, वास्तू यांची समीक्षा करण्याची आपल्याला सवय आहे. मात्र कारखान्यात लाखोंच्या संख्येने तयार होणाऱ्या आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंकडे आपण समीक्षेच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. व्हिडिओ गेम खेळताना हातात धरावयाचा कंट्रोलर ही अशीच एक वस्तू आहे. तिचे एक वैशिष्ट्य असे की, वापरताना तिच्याकडे कोणीही पाहत नाही. खेळणाऱ्याची नजर पडद्यावर खिळलेली असते आणि वस्तूची ओळख केवळ बोटांना असते. त्यामुळे तिची रचना चांगली की वाईट, याचा निवाडा डोळ्याने करून भागत नाही. तो हातानेच करावा लागतो.

गेल्या काही वर्षांत जुन्या गेम यंत्रांविषयीचे आकर्षण पुन्हा वाढले आहे. निन्टेंडो कंपनीने आपली १९८० आणि १९९० च्या दशकांतील यंत्रे लहान आकारात २०१६ आणि २०१७ मध्ये पुन्हा बाजारात आणली. या पार्श्वभूमीवर जुन्या कंट्रोलरविषयी दोन मते वारंवार मांडली जातात. पहिले मत असे की, चौकोनी डब्यापासून हाताच्या आकारात वळवलेल्या मुठींपर्यंत या वस्तूची सरळ रेषेत प्रगती झाली आणि प्रत्येक नवा कंट्रोलर आधीच्यापेक्षा अधिक सुखकर होत गेला. दुसरे मत याच्या अगदी उलट, म्हणजे जुने तेच साधे, नेमके आणि हाताला बसणारे होते. प्रस्तुत अभ्यासकास ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिले मत रचनेतील प्रत्येक बदलाला सुधारणा समजते, तर दुसरे मत आठवणीतील सुखाला हातातील सुख समजते.

मराठीत यासाठी दोन नेमके वाक्प्रचार आहेत. एखादी गोष्ट अंगाला ‘मानवते’ आणि एखादी गोष्ट ‘अंगवळणी पडते’. कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते. नंतर तिचे चामडे पायाच्या आकारानुसार वळते आणि पायाची कातडीही थोडी निबर होते. तेथे दोघेही एकमेकांकडे थोडे सरकतात. कठीण प्लास्टिकच्या कंट्रोलरच्या बाबतीत असे होत नाही. प्लास्टिक वळत नाही, वळतो तो हात. त्यामुळे ‘हा कंट्रोलर सुखकर आहे’ असे जेव्हा एखादा खेळाडू म्हणतो, तेव्हा तो हाताला खरोखर मानवला आहे, की हातानेच निमूटपणे त्याची सवय करून घेतली आहे, हा प्रश्न विचारणे समीक्षकाचे काम ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. १९७७ ते १९९७ या वीस वर्षांतील प्रमुख कंट्रोलरच्या रचनेची हाताच्या दृष्टीने तुलना करणे.
२. त्यांच्या सुखकरतेतील सवयीचा भाग आणि रचनेचा भाग वेगळा करून पाहणे.
३. या रचनांनी कोणाचा हात प्रमाण मानला, याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

हा प्रयोगशाळेतील मोजमापांवर आधारित अभ्यास नाही. वस्तूंची प्रत्यक्ष रचना, त्यांच्या रचनाकारांनी मुलाखतींतून दिलेली माहिती, वैद्यकीय आणि कायदेशीर नोंदी तसेच स्वतःची हाताळणी यांच्या आधारे येथे विवेचन केले आहे. प्रत्येक कंट्रोलरला चार प्रश्न विचारले आहेत. वस्तूचा भार आणि पकड हाताचा कोणता भाग सांभाळतो? प्रत्यक्ष काम कोणते बोट करते? न पाहता एक बटण दुसऱ्यापासून ओळखता येते काय? आणि ही रचना कोणता हात गृहीत धरते? वीस वर्षांची मर्यादा घेण्याचे कारण असे की, १९७७ मध्ये घरगुती जॉयस्टिक रूढ होण्यास सुरुवात झाली आणि १९९७ मध्ये आजच्या कंट्रोलरचा सांगाडा जवळजवळ निश्चित झाला.

१. अटारी : हातांची पहिली वाटणी

अटारी कंपनीचे २६०० या नावाने पुढे ओळखले गेलेले यंत्र १९७७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. त्याची जॉयस्टिक, विशेषतः सीएक्स ४० या क्रमांकाने ओळखला जाणारा तिचा नमुना, ही त्या काळाची खूणच बनली. काळ्या प्लास्टिकची चौकोनी बैठक, मधोमध रबरी आवरणातून वर आलेली दांडी आणि डाव्या कोपऱ्यात एकच तांबडे बटण, एवढाच तिचा संसार होता. आत मंडलफलकावर चार दिशांचे चार पातळ धातूचे घुमट असत. दांडी ज्या बाजूला कलेल, त्या बाजूचा घुमट दाबला जाऊन संपर्क जुळे. दांडी किती कलली याला अर्थ नव्हता; कलली की नाही, एवढेच यंत्राला कळत असे.

ही जॉयस्टिक हातात घेतल्यावर पहिली अडचण जाणवते ती पकडीची. बैठक डाव्या तळहातात घट्ट धरावी लागते, कारण उजवा हात दांडीला जितका जोर लावतो, तितकाच विरुद्ध जोर डाव्या हाताने लावला नाही, तर अख्खी वस्तूच फिरते. त्याच डाव्या हाताच्या अंगठ्याने बटणही दाबायचे असते. म्हणजे एकाच हाताने स्थिरही राहायचे आणि चपळही असायचे. बैठकीच्या कडा तळहाताच्या मांसल भागात रुततात. दांडी ताठ असल्यामुळे अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीला सतत ताण पडतो. अर्ध्या तासाच्या खेळानंतर डावा तळहात आखडू लागतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तरही येथे स्पष्ट आहे. बटण डाव्या कोपऱ्यातच असल्यामुळे डावखुऱ्या मुलाला ही वस्तू उलटी धरता येत नाही. तशी धरल्यास दिशाही फिरतात.

तथापि, एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. अटारीने दिशेचे काम उजव्या हाताला दिले आणि गोळी झाडण्याचे काम डाव्या अंगठ्याला दिले. बहुसंख्य माणसे उजव्या हाताने लिहितात, हे लक्षात घेता ही वाटणी तर्काला धरून होती. पुढे सहा वर्षांतच ती उलटली. आज जगभरातील खेळाडू दिशेचे काम डाव्या अंगठ्याने करतात आणि तेच त्यांना नैसर्गिक वाटते. ‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी सावध व्हावे, असा हा पुरावा आहे.

२. फॅमिकॉम : अंगठ्याचे राज्य

ही उलटापालट निन्टेंडोच्या फॅमिकॉमने रूढ केली. जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आलेले हे यंत्र मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. आरंभी त्यांच्या गटाचा विचार जॉयस्टिकच देण्याचा होता आणि अमेरिकन जॉयस्टिक उघडून त्यांचा अभ्यासही केला गेला. मात्र जमिनीवर पडलेल्या जॉयस्टिकवर लहान मुलाचा पाय पडला तर काय, ही शंका पुढे आली. त्याऐवजी गुन्पेई योकोई यांनी १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ या खिशातील खेळासाठी वापरलेली, अधिकच्या चिन्हासारखी सपाट दिशाकळ स्वीकारली गेली. घरातील जमिनीवर बसून खेळणाऱ्या मुलांचा विचार अशा रीतीने रचनेत उतरला.

या दिशाकळीचे यंत्रशास्त्र साधे पण विचारपूर्वक आहे. अधिकचिन्हाचा तुकडा मध्यभागी टेकलेला असतो आणि त्याच्या चार टोकांखाली कार्बनचे ठिपके असलेला रबरी पडदा असतो. एक टोक दबले की समोरचे टोक आपोआप उचलले जाते; त्यामुळे डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जाणे सहसा टळते. अंगठ्याला उचलून दुसरीकडे नेण्याची गरज नसते, तो जागच्या जागी थोडा कलला तरी पुरते. मनगट, कोपर, खांदा यांपैकी काहीही हलत नाही. अटारीच्या दांडीला जेथे अख्खा पंजा लागत होता, तेथे एका पेराचे काम उरले.

मात्र श्रम नाहीसे झाले नाहीत. ते एकाच जागी गोळा झाले. १९८५ मध्ये याच यंत्राचे अमेरिकेसाठीचे रूप, म्हणजे निन्टेंडो एन्टरटेन्मेंट सिस्टिम, न्यूयॉर्कमध्ये विक्रीस आले. त्याचा कंट्रोलर सुमारे १२ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद असा निव्वळ आयत होता. त्याचे कोपरे नेमके तळहाताच्या मांसल भागावर येतात. ए आणि बी ही दोन बटणे एका आडव्या ओळीत आहेत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) खेळताना धावण्यासाठी बी दाबून ठेवावे लागते आणि उडी मारण्यासाठी त्याच अंगठ्याने ए दाबावे लागते. म्हणजे उजवा अंगठा आडवा घालून त्याचे टोक एका बटणावर आणि सांध्याजवळचा भाग दुसऱ्यावर ठेवणे आले. अंगठ्याची स्वाभाविक फिरकी तिरपी असते. ही ओळ मात्र सरळ आहे. हा दोष निन्टेंडोलाही उमगला असावा, कारण १९८९ च्या गेम बॉयवर ही दोन बटणे तिरपी मांडलेली दिसतात आणि १९९३ मध्ये मूळ यंत्रासाठी आलेल्या नव्या कंट्रोलरमध्ये कडांना गोलाई देऊन बटणेही तिरपी केली गेली.

या गोळा झालेल्या श्रमाची वैद्यकीय नोंदही आहे. १९९० मध्ये डॉ. रिचर्ड ब्रासिंग्टन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला लिहिलेल्या पत्रात ३५ वर्षांच्या एका स्त्रीचा दाखला दिला. मुलाच्या यंत्रावर सुमारे पाच तास सलग खेळल्यानंतर तिच्या उजव्या अंगठ्याच्या स्नायुबंधात तीव्र वेदना सुरू झाल्या. या विकाराला त्यांनी ‘निन्टेंडिनायटिस’ असे नाव दिले. त्याच नियतकालिकात १९८१ मध्ये आर्केडमधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळामुळे दुखावलेल्या मनगटाची नोंद झाली होती. दुखण्याची जागा मनगटाकडून अंगठ्याकडे सरकली, असे या दोन नोंदींवरून दिसते. केवळ दोन दाखल्यांवरून व्यापक विधान करणे योग्य नाही. तरी रचना बदलली की वेदनेचा पत्ता बदलतो, हे सूत्र पुढील विवेचनासाठी उपयुक्त आहे.

३. सुपर फॅमिकॉम : श्रमाची फेरवाटणी

नोव्हेंबर १९९० मध्ये जपानमध्ये आलेल्या सुपर फॅमिकॉमचा कंट्रोलर हा या वीस वर्षांतील सर्वांत समतोल विचार आहे, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे. त्यात तीन बदल झाले. पहिला बदल म्हणजे दोन्ही टोके गोल झाली आणि तळहातात रुतणारे कोपरे गेले. दुसरा बदल असा की, उजवीकडील चार बटणे चौकटच्या आकारात मांडली गेली. वाय दाबून धरून बी दाबताना अंगठा आता त्याच्या स्वाभाविक तिरप्या दिशेने गडगडतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे वरच्या कडेला एल आणि आर ही बटणे आली. आतापर्यंत दोन्ही तर्जन्या केवळ वस्तू धरून बसल्या होत्या. त्यांना प्रथमच काम मिळाले. दोन बोटांचे ओझे चार बोटांत वाटले गेले.

तिसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने या यंत्राचे अमेरिकेतील १९९१ चे रूप अधिक लक्षवेधी आहे. जपानी कंट्रोलरवर चार बटणांना चार रंग होते. ते देखणे होते, परंतु खेळताना रंग दिसत नाही. अमेरिकन कंट्रोलरवर रंग दोनच ठेवून वरच्या एक्स आणि वाय या बटणांना किंचित खळगा देण्यात आला, तर ए आणि बी फुगीर ठेवण्यात आली. अंगठ्याला आपण कोठे आहोत हे न पाहता कळते. एकाच यंत्राच्या दोन रूपांत एक डोळ्यासाठी आणि एक बोटासाठी, असा हा फरक आहे. समीक्षेत रंगीत रूपाची वाखाणणी अधिक होते. हाताचा कौल मात्र खळग्याच्या बाजूने पडतो.

या काळातील सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हचा (१९८८) उल्लेख थोडक्यात करणे पुरेसे आहे. त्याचा कंट्रोलर अधिक भरीव आणि तळहाताकडे वळलेला होता आणि धरण्याच्या दृष्टीने तो फॅमिकॉमपेक्षा निश्चितच मऊ होता. परंतु त्यावर ए, बी, सी ही तीनच मुख्य बटणे होती. सहा प्रहारांचा ‘स्ट्रीट फायटर २’ त्यावर आला तेव्हा ती अपुरी पडली आणि १९९३ मध्ये सहा बटणांचा नवा कंट्रोलर काढावा लागला. हातात छान बसणारी वस्तूही खेळाशी जुळली नाही तर सुखकर राहत नाही, हे यावरून स्पष्ट होते. सुखकरता हा केवळ वस्तूचा गुण नसून हात, खेळ आणि वेळ या तिघांमधील नाते आहे.

४. निन्टेंडो ६४ : थोर कल्पना, अनिश्चित शरीर

जून १९९६ मध्ये आलेल्या निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरला तीन मुठी आहेत, आणि माणसाला हात दोनच. या एका वाक्यात त्याची थट्टा संपवली जाते. पण ती पूर्ण न्याय्य नाही. पडद्यावरील जग आता त्रिमितीय झाले होते. त्यात चालायचे तर चार दिशा पुरेशा नव्हत्या. मधल्या मुठीवरील ॲनालॉग दांडी किती कलली, हेही आता यंत्राला कळू लागले. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) मध्ये दांडी हलकेच ढकलली तर मारिओ चवड्यांवर चालतो, थोडी अधिक ढकलली तर चालू लागतो आणि पूर्ण ढकलली तर धावतो. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यामधला सगळा प्रदेश अंगठ्याला मिळाला. रचनेच्या इतिहासात ही मोठी घटना आहे.

दोष कल्पनेत नव्हता, तिला दिलेल्या शरीरात होता. नवा त्रिमितीय खेळ टिकेल की जुना द्विमितीय खेळच चालत राहील, याचा निर्णय न घेता दोन्हींची सोय केली गेली. दोन डगरींवर पाय ठेवण्याचा हा प्रकार होता. मधली मूठ धरली की डावीकडची मूठ दिशाकळीसह निराधार लटकते, डावा हात छातीच्या मध्याकडे ओढला जातो आणि दोन्ही हात समतोल राहत नाहीत. मधल्या मुठीच्या मागचे झेड बटण मात्र तर्जनीखाली अचूक येते, हे मान्य करावे लागते. दांडीच्या आतील प्लास्टिकचे भाग एकमेकांवर घासून झिजतात आणि काही काळाने दांडी सैल पडते. म्हणजे ज्या नेमकेपणासाठी ती आणली, तोच वापरासोबत घटत जातो.

वस्तूची मर्यादा आणि खेळाची मागणी यांची गाठ चुकीच्या ठिकाणी पडली, तर काय होते, याचा दाखला ‘मारिओ पार्टी’ या खेळाने दिला. अमेरिकेत १९९९ मध्ये आलेल्या या खेळातील काही छोट्या स्पर्धांत दांडी शक्य तितक्या वेगाने गोल फिरवायची होती. अंगठ्याने तो वेग साधत नसल्यामुळे मुले दांडीवर तळहात ठेवून फिरवू लागली आणि तळहातांना फोड व जखमा होऊ लागल्या. तक्रारींनंतर २००० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाशी झालेल्या तडजोडीत निन्टेंडोने खेळाडूंना हातमोजे देण्याचे मान्य केले. हातासाठी तयार केलेल्या वस्तूपासून हाताचे रक्षण करण्यासाठी हातमोजे द्यावे लागावेत, यापेक्षा कठोर समीक्षा दुसरी कोणती असू शकेल? येथे ‘मुलांनी चुकीच्या पद्धतीने वापर केला’ हा बचाव टिकत नाही. खेळाने वेग मागितला आणि अंगठ्याला तो देता येईना, तेव्हा हाताने आपली वाट शोधली. हात काय करील याचा अंदाज बांधणे, हे रचनाकाराचेच काम आहे.

५. प्लेस्टेशन : मुठीचा विजय आणि समरूपतेचा मोह

डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशनचा कंट्रोलर तेईयू गोतो यांनी रचला. त्यांनी दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या मुठी दिल्या. कंपनीत याला विरोध झाला आणि सुपर फॅमिकॉमसारखी सपाट वस्तू असावी असा आग्रह धरला गेला. परंतु अध्यक्ष नोरिओ ओहगा यांनी मुठींची बाजू घेतली. त्यांचा निर्णय योग्य होता. सपाट कंट्रोलर बोटांच्या टोकांवर आणि तळहाताच्या कडेवर तोलावा लागतो. मुठी आल्यावर हा भार मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी उचलला आणि अंगठा व तर्जनी मोकळे झाले. पहिल्या प्रश्नाचे इतके चोख उत्तर यापूर्वी कोणी दिले नव्हते.

बटणांवर अक्षरांऐवजी त्रिकोण, चौकोन, वर्तुळ आणि फुली ही चिन्हे आली. गोतो यांच्या सांगण्यानुसार त्रिकोण म्हणजे दृष्टिकोन, चौकोन म्हणजे कागद, वर्तुळ म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार. जपानमध्ये हा अर्थ रूढ झाला. अमेरिकेत मात्र फुलीच होकारासाठी वापरली जाऊ लागली. एकाच वस्तूवर एकाच जागी असलेली दोन बटणे दोन देशांतील अंगठ्यांनी उलट अर्थाने आत्मसात केली आणि दोन्हीकडील खेळाडूंना आपलीच पद्धत सहज वाटली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला, तेव्हा सोनीने जपानमध्येही फुलीलाच होकार ठरवले आणि पाव शतकाची सवय मोडावी लागली. अंगवळणी पडणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या ड्युअलशॉकने याच सांगाड्यावर दोन ॲनालॉग दांड्या बसवल्या. अंगठ्याची मोक्याची जागा दिशाकळीने आधीच व्यापली होती. म्हणून दांड्या खाली आणि आत, उरलेल्या जागेत गेल्या. वस्तू डोळ्याला अत्यंत समरूप दिसते. परंतु त्रिमितीय खेळात ज्या दांडीवर डावा अंगठा तासन् तास असतो, तीच त्याच्या विसाव्याच्या जागेपासून दूर आहे. तिथवर पोहोचण्यासाठी अंगठा आत मोडून धरावा लागतो आणि लहान हाताला ते अधिक जाणवते. सेगाच्या ड्रीमकास्टने १९९८ मध्ये आणि निन्टेंडोच्या गेमक्यूबने २००१ मध्ये दांडी वरच्या मोक्याच्या जागी आणून दिशाकळ खाली सरकवली. अंगठ्याच्या दृष्टीने हा क्रम अधिक योग्य होता. तरीही पुढील पिढ्यांत सोनीने खालची जागा कायम ठेवली आणि तिची सवय झालेला फार मोठा वर्ग निर्माण झाला. मुठी हाताला मानवल्या. दांड्यांची जागा हाताच्या अंगवळणी पडली. एकाच वस्तूत हे दोन्ही कसे नांदू शकते, हे ड्युअलशॉक दाखवतो.

६. आपल्याकडील हात

वरील यंत्रांपैकी बहुतेक मूळ रूपात महाराष्ट्रातील सर्वसामान्य घरात पोहोचली नाहीत. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही येथे पोहोचल्या त्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला. दुकानदार त्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि मुले कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणत. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते, ती मुले तासाच्या भाड्याने खेळत. प्रस्तुत अभ्यासकाच्या हाताची घडण याच नकलांवर झाली, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक आहे. कारण समीक्षकाचा हातही कोरा नसतो.

या नकलांचे प्लास्टिक हलके आणि कडा अधिक धारदार असत. दोन भागांच्या जोडाची रेघ बोटांना टोचत असे. परंतु त्यांपैकी अनेकांत ए आणि बी यांच्या जोडीला टर्बोची आणखी दोन बटणे असत. ही बटणे दाबून धरली की मंडलच वेगाने दाबल्याचे संकेत पाठवत राही. ‘कॉन्ट्रा’मधील सुरुवातीच्या बंदुकीसाठी प्रत्येक गोळीला एकदा बटण दाबावे लागते, टर्बोमुळे हे श्रम वाचत. ही कल्पना नकलकारांची नव्हती. निन्टेंडोच्याच १९८७ च्या ‘ॲडव्हान्टेज’ या स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या जॉयस्टिकमध्ये ती होती. मात्र तेथे जी गोष्ट जादा पैसे मोजून घ्यावी लागे, ती नकलेत यंत्रासोबतच मिळे. हाताला टोचणाऱ्या कडा आणि अंगठ्याचे श्रम वाचवणारे बटण एकाच स्वस्त वस्तूत होते.

भाड्याच्या खेळाने आणखी एक गोष्ट शिकवली. तास मोजून पैसे दिलेले असल्यामुळे कोणीही मध्ये विसावा घेत नसे. दुखणारा अंगठा चड्डीला चोळून मुले पुन्हा खेळू लागत. कंट्रोलरच्या सुखकरतेचा विचार करताना वस्तूची वळणे मोजली जातात. ती किती वेळ, कोणत्या परिस्थितीत हातात असते, याचा हिशेब मात्र फारसा मांडला जात नाही.

७. प्रमाण हात कोणाचा?

या सर्व रचना एक हात गृहीत धरतात. हा हात दोन्ही बाजूंनी पूर्ण, पाचही बोटे चालणारा आणि बहुधा विशिष्ट मापाचा असतो. या गृहीतकाला धक्का देणारी वस्तू निन्टेंडोनेच १९८९ मध्ये अमेरिकेत उपलब्ध करून दिली होती. ‘हँड्स फ्री’ नावाचा हा कंट्रोलर छातीवर बांधला जाई. दिशेसाठीची दांडी हनुवटीने हलवली जाई आणि नळीत फुंकर घालून किंवा हवा ओढून ए आणि बी यांचे काम होई. सर्वसाधारण दुकानांऐवजी कंपनीच्या ग्राहक सेवेमार्फत ती विकली जात असे आणि जुन्या कंट्रोलरच्या तुलनेत तिला बहुधा एखाद्या कुतूहलाच्या वस्तूचे स्थान मिळते.

वास्तविक ती या इतिहासाच्या केंद्रस्थानी असावयास हवी. कारण बटण ‘कोठे असावे’ याआधी ‘कोणाला दाबता यावे’ हा प्रश्न तिने विचारला. त्यानंतर मोठ्या कंपनीने अशा कंट्रोलरला मुख्य बाजारात स्थान देण्यास २०१८ साल उजाडले. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने बाहेरील निरनिराळी बटणे जोडता येणारा ‘ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. सोनीचा ‘ॲक्सेस कंट्रोलर’ २०२३ मध्ये आला. मधली जवळजवळ तीन दशके उद्योगाने मुठींची वळणे घासूनपुसून सुबक केली, पण प्रमाण हात बदलला नाही.

निष्कर्ष

१. कंट्रोलरचा इतिहास हा सरळ प्रगतीचा नसून श्रमाच्या वाटणीचा आहे. अटारीत पंजा, फॅमिकॉममध्ये अंगठा, सुपर फॅमिकॉममध्ये अंगठा व तर्जनी आणि प्लेस्टेशनमध्ये पाचही बोटे, अशी ही वाटणी बदलत गेली. प्रत्येक बदलाने काही वेदना कमी केली आणि काही दुसरीकडे नेली.

२. ज्या गोष्टी हाताला खरोखर मानवल्या, त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत पसरून टिकल्या. गोल कडा, तर्जनीची बटणे, तिरपी मांडणी आणि भार पेलणाऱ्या मुठी ही त्यांची उदाहरणे होत. ज्या केवळ अंगवळणी पडल्या, त्या देशागणिक आणि कंपनीगणिक वेगळ्या राहिल्या. वर्तुळ व फुलीचा अर्थ किंवा दांडीची जागा ही त्यांची उदाहरणे होत. समीक्षकाला या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी ही कसोटी उपयोगी पडू शकते.

३. स्पर्शाने ओळखता येणे हा कंट्रोलरच्या सौंदर्याचा मूळ निकष मानला पाहिजे. त्या दृष्टीने अमेरिकन सुपर निन्टेंडोची खळग्याची बटणे अधिक दखल घेण्यास पात्र आहेत.

४. गतकाळाविषयीचे प्रेम हा पुरावा नव्हे. २०१६ मध्ये लहान आकारात पुन्हा आलेल्या निन्टेंडोच्या यंत्राचा कंट्रोलर हुबेहूब होता, परंतु त्याची वायर इतकी आखूड होती की खेळणाऱ्यांना पडद्याजवळ सरकून बसावे लागले. पुढील वर्षीच्या यंत्रात ती वाढवावी लागली. हुबेहूब रूप परत आणता येते. सुखकरता प्रत्येक वेळी नव्याने कमवावी लागते.

५. सवयीने झाकलेली गैरसोय सर्वांत आधी जाणवते ती सवय करून घेणे ज्याला शक्य नसते त्याला, म्हणजे डावखुऱ्याला, लहान हाताच्या मुलाला, बोटे न चालणाऱ्या माणसाला. म्हणून कोणत्याही कंट्रोलरची परीक्षा निष्णात खेळाडूच्या हातात न करता प्रथम अशा हातात करावी, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. हीच कसोटी आपल्या वर्गातील बाकांना, प्रयोगशाळेतील उपकरणांना आणि संगणकाच्या कळफलकालाही लावून पाहता येईल. ‘सर्वांना सवय आहे’ हे उत्तर तेथेही आपण बऱ्याचदा देतो, आणि ते पुरेसे नसते.